परदेशात स्थायिक होताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि जावई अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूल अँड डाय मेकर (यंत्रांसाठी साचे आणि हत्यारे बनवणारे कारागीर) आहेत. दोघांनाही कॅनडाची पीआर (कायमस्वरूपी रहिवासाची परवानगी) मिळाली असून चार वर्षांच्या नातीसह ते लवकरच ऑन्टारिओ प्रांतात जाणार आहेत. येथील एका सल्लागाराने ‘सेटलमेंट पॅकेज’ म्हणून दीड लाख रुपये मागितले आहेत. विमानतळावर घ्यायला येणे, सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) क्रमांक, बँकेचे खाते, इंग्रजीचे वर्ग आणि नोकरीसाठीचे प्रशिक्षण हे सारे त्यात येते, असे ते सांगतात. तिकडे ही कामे सरकारी खर्चाने करणाऱ्या संस्था आहेत असे आमच्या कानावर आले. पण त्या निर्वासितांसाठी असतात, आपण तेथे जाणे बरे दिसत नाही, असे मुलीला वाटते. आम्ही काय करावे?
(एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : हे दीड लाख रुपये कृपया देऊ नका. आपल्या पत्रात पॅकेजमधील ज्या गोष्टी लिहिल्या आहेत, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या मुलीला आणि जावयांना कॅनडात एक पैसाही न देता मिळण्याची सोय आहे. त्या देशाचे संघीय सरकार नवागतांच्या स्थायिकीकरणासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवते आणि त्याच्या निधीतून देशभरातील स्वयंसेवी संस्था, शाळा मंडळे, महाविद्यालये आणि ग्रंथालये या सेवा देतात. पीआर मिळालेली प्रत्येक व्यक्ती त्यासाठी पात्र असते. आश्रय मिळालेले निर्वासितही असतात. दोघांसाठी दार एकच आहे.

टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावरच नवागतांसाठी मोफत माहिती केंद्र आहे आणि उतरल्यावर पहिली पुस्तिका तेथेच हातात पडते. सिन हा नऊ अंकी क्रमांक ‘सर्व्हिस कॅनडा’च्या कार्यालयात विनाशुल्क मिळतो. बँकेचे खाते पारपत्र आणि पीआरची कागदपत्रे दाखवून स्वतः उघडता येते; मोठ्या बँकांकडे नवागतांसाठी वेगळी खातीही असतात. ऑन्टारिओच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी पूर्वी तीन महिने थांबावे लागे. ती अट २०२०मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे घराचा पत्ता निश्चित झाला की नातीसह तिघांचाही अर्ज लगेच करावा. आणखी एक गोष्ट तपासून पाहा. कॅनडाच्या इमिग्रेशनविषयी पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांना किंवा ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचा परवाना असलेल्या सल्लागारांनाच आहे. परवानाधारकांची यादी या संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. आपल्या सल्लागारांचे नाव तेथे नसेल, तर त्यांच्याशी पुढे बोलण्याचेही कारण उरत नाही.

आता मुलीच्या संकोचाविषयी. आपल्या पत्रातील हा भाग मला पैशांच्या प्रश्नापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडून शिकूनसवरून गेलेल्या कितीतरी कुटुंबांचे पहिले वर्ष याच संकोचापायी वाया जाते. मदत घेणे म्हणजे हात पसरणे, अशी समजूत आपण इथून सोबत नेतो. मग ओळखीच्या कुणाच्या तरी सांगण्यावरून गोदामातले किंवा उपाहारगृहातले मिळेल ते काम धरले जाते, पुढे घरभाडे आणि गाडीचा हप्ता सुरू होतो आणि मूळ व्यवसायाची परीक्षा पुढच्या वर्षावर, मग त्याच्याही पुढच्या वर्षावर ढकलली जाते. या संस्थांमध्ये भाषेच्या एकाच वर्गात निर्वासित म्हणून आलेले दंतवैद्यही बसतात आणि शिक्षण आणि अनुभवाच्या गुणांवर पीआर मिळवून आलेले अभियंतेही. आपली मुलगी तेथे गेली, तर ती कुणाच्या वाट्याचे काही घेणार नाही. ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम आखला गेला, त्यांतलीच ती एक आहे. टोरंटोतील ‘कॉस्टी’ ही संस्था इटालियन स्थलांतरितांच्या मदतीसाठी १९५२मध्ये उभी राहिली आणि आज तेथे जगभरातून आलेले लोक येतात. व्हँकुव्हरची ‘सक्सेस’ ही संस्था १९७३मध्ये चिनी समाजाच्या पुढाकाराने सुरू झाली. आधी आलेल्यांनी नंतर येणाऱ्यांसाठी उभे केलेले हे काम आहे, आणि आपल्या मुलीनेही काही वर्षांनी तेथे स्वयंसेवक म्हणून उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

तेथील पहिली भेट कशी असते तेही सांगतो, म्हणजे भीती उरणार नाही. पीआरची कागदपत्रे पाहिल्यावर समुपदेशक शिक्षण, अनुभव, मुलांचे वय, राहण्याची जागा यांविषयी विचारतात आणि पुढे काय करायचे याचा लेखी आराखडा करून देतात. इंग्रजीची चाचणी ‘कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क’ या १२ पातळ्यांच्या मोजपट्टीवर होते आणि त्यानुसार ‘लिंक’ या मोफत वर्गांत प्रवेश मिळतो. हे वर्ग १९९२पासून चालू आहेत. सकाळचे, संध्याकाळचे आणि ऑनलाइन असे पर्याय असतात, तर काही ठिकाणी वर्ग चालू असताना मुलांना सांभाळण्याची सोयही असते. नात लहान असल्याने केंद्र निवडताना हे आधी विचारावे. मुलीचे इंग्रजी चांगले असेल, तर साध्या वर्गाऐवजी व्यवसायानुसार चालणारे भाषेचे वर्ग मागावेत. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला नोंदी कशा समजावून द्यायच्या, डॉक्टरांच्या सूचनेवर शंका असेल तर ती कशी मांडायची, याचा सराव अशा वर्गांत होतो आणि नोकरीत नेमके तेच लागते.

नोकरीच्या कार्यशाळेत पहिला हात आपल्या बायोडाटावर फिरतो. आपल्याकडे त्यात छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांचे नाव, विवाहित की अविवाहित, कधीकधी धर्म आणि जातही लिहिलेली असते. तेथे यांतले काहीही लिहायचे नसते. त्याऐवजी प्रत्येक नोकरीत आपण स्वतः काय केले, ते नेमक्या कामांनिशी लिहावे लागते. ‘आयसीयूमध्ये काम केले’ एवढे पुरत नाही. किती खाटांचा विभाग होता, कोणती उपकरणे हाताळली, नव्या परिचारिकांना शिकवले का, हे आले पाहिजे. मुलीने हा मसुदा नाशिकमध्ये असतानाच करायला घ्यावा, कारण रुग्णालयातील सहकारी आणि मेट्रन इथे विचारायला जवळ आहेत.

खरी कसोटी व्यावसायिक नोंदणीची असते आणि तेथे फार गैरसमज आहेत. पीआरसाठी पदवीचे जे मूल्यांकन करून घेतले, ते केवळ इमिग्रेशनच्या गुणांपुरते असते. त्यावर परिचारिका म्हणून काम करता येत नाही. ऑन्टारिओत त्यासाठी ‘कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ऑन्टारिओ’कडे नोंदणी करावी लागते आणि ‘एनक्लेक्स-आरएन’ ही परिचारिकांच्या परवान्यासाठीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा कॅनडात २०१५पासून घेतली जाते. टोरंटोत परदेशात शिकलेल्या परिचारिकांसाठीच काम करणारे ‘केअर सेंटर’ आहे, त्याची चौकशी अवश्य करावी. मात्र निघण्यापूर्वीचे काम आपल्याच गावात आहे. मुलीची पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल, तर ते विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळलाच आहे. अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, अभ्यासक्रमाचा तपशील आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीची पडताळणी यांविषयीचे अर्ज आताच करून ठेवावेत. पुष्कळ वेळा ही कागदपत्रे संस्थेने थेट पाठवावी लागतात, आणि टोरंटोत बसून मुंबई-नाशिकच्या कार्यालयांचा पाठपुरावा करणे किती कठीण जाते, ते तेथे गेलेल्या कुणालाही विचारावे.

जावयांची वाट त्या मानाने मोकळी आहे. टूल अँड डाय मेकर हा कॅनडाच्या ‘रेड सील’ या आंतरप्रांतीय मानांकनातला व्यवसाय आहे, पण ऑन्टारिओत तो सक्तीच्या परवान्याचा नाही. प्रमाणपत्रावाचूनही काम सुरू करता येते. तरीही ‘स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारिओ’कडून अनुभवाची समकक्षता तपासून घेऊन परीक्षा देणे त्यांच्या हिताचे आहे, कारण त्याने पगारात आणि प्रांत बदलताना फरक पडतो. त्यासाठी कंपनीकडून सविस्तर अनुभवपत्र हवे. ‘यांनी अमुक काळ समाधानकारक काम केले’ या आपल्या नेहमीच्या एका ओळीच्या पत्राचा तेथे उपयोग होत नाही. कोणती यंत्रे चालवली, कोणत्या प्रकारचे डाय बनवले, आठवड्याला किती तास काम केले, हे कंपनीच्या लेटरहेडवर आणि सहीशिक्क्यानिशी यायला हवे. राजीनामा देण्यापूर्वीच ते मागावे. नंतर मनुष्यबळ विभागाला घाई नसते.

शेवटचे म्हणजे, पीआर मंजूर झालेल्यांसाठी निघण्यापूर्वी घेता येणाऱ्या मोफत ऑनलाइन सेवाही आहेत. कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी आहे, तसेच पोस्टल कोड टाकून घराजवळची संस्था शोधण्याची सोयही आहे. दीड लाख रुपये पहिल्या दोन महिन्यांच्या घरभाड्यासाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : माझा मुलगा ऑन्टारिओतील एका महाविद्यालयात शिकत आहे. त्याला अर्धवेळ काम मिळत नाही. त्याने या मोफत केंद्रांकडे जावे का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : संघीय सरकारच्या निधीतून चालणाऱ्या स्थायिकीकरण सेवा परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाहीत, तेथून त्याला बहुधा परत पाठवले जाईल. त्याने स्वतःच्या महाविद्यालयातील करिअर केंद्र आणि परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय गाठावे, कारण त्यांचा खर्च शुल्कातून आधीच घेतलेला असतो आणि तरीही फार थोडी मुले तेथे जातात. सार्वजनिक ग्रंथालयातील नोकरीविषयक कार्यशाळाही सहसा सर्वांसाठी खुल्या असतात. ब्रिटिश कोलंबियासारखा एखादा प्रांत स्वतःच्या पैशातून तात्पुरत्या रहिवाशांनाही काही सेवा देतो, परंतु आपला मुलगा ऑन्टारिओत असल्याने तेथे अशी काही सोय आहे का, याची चौकशी त्याने करावी. सत्र चालू असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २४ तासांपेक्षा अधिक काम करण्याची परवानगी नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. रोखीने पगार देऊन जास्त तास राबवून घेणारे मालक भेटतात; त्यात व्हिसाचा धोका सर्वस्वी मुलाचा असतो.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. निर्वासितांना स्थायिक करताना इतर देश नेमके काय करतात, आणि आपल्या नाशिकमध्ये असे काही काम कधी झाले आहे का, यावर मला प्रकल्प करायचा आहे.
(एक विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : विषय उत्तम निवडला आहे. कॅनडात सरकारी मदतीवर आणलेल्या निर्वासितांना सामान्यतः १२ महिन्यांपर्यंत निर्वाहभत्ता मिळतो; विमानतळावर घेणे, तात्पुरता निवारा आणि घर शोधून देणे ही कामेही त्यातच येतात. याशिवाय नागरिकांनी गट करून एखाद्या निर्वासित कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलण्याची पद्धत तेथे १९७९पासून आहे. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून आलेल्या सुमारे ६०,००० लोकांना १९७९-८०मध्ये कॅनडाने सामावून घेतले, त्यांतील बरेचसे अशाच गटांच्या आधाराने आले. त्या कार्यासाठी १९८६मध्ये निर्वासितांसाठीच्या कार्याबद्दल दिले जाणारे संयुक्त राष्ट्रांचे नान्सेन पदक कॅनडाच्या साऱ्या जनतेला देण्यात आले. जर्मनीची पद्धत वेगळी आहे. तेथे २००५पासून एकात्मीकरण अभ्यासक्रम चालतो आणि त्यात सर्वसाधारणपणे ६०० तास भाषा व १०० तास कायदा, इतिहास आणि समाजजीवन यांचे शिक्षण असते. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नसल्याने आपल्याकडे असा सर्वांसाठी एक कार्यक्रम नाही. तिबेटी, श्रीलंकन तमिळ अशा प्रत्येक समूहासाठी वेगळी व्यवस्था होत गेली.

नाशिकविषयी आपण शरणपूरपासून सुरुवात करावी. आज ज्या शरणपूर रोडवर आपण खरेदीला जातो, त्या भागात चर्च मिशनरी सोसायटी या ब्रिटिश ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेची वसाहत होती. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे, आणि त्यांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींपैकी काहींना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आणून ठेवले जाई. त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकवले जात. आफ्रिकेचा शोध घेणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या १८६६च्या आफ्रिका मोहिमेत येथे शिकलेले तरुण होते. येथेच शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव घेऊन १८७४मध्ये लंडनपर्यंत गेला. पुढे यांपैकी अनेकांना पूर्व आफ्रिकेतील मोम्बासाजवळ फ्रीरटाउन या नव्या वसाहतीत नेण्यात आले आणि तेथे त्यांनी शिक्षक व कारागीर म्हणून काम केले.

या इतिहासाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू प्रकल्पातून गाळू नका. मुलांना धर्म आणि नावे दोन्ही नवी मिळाली. कोणता धंदा शिकायचा, पुढे नाशिकमध्ये राहायचे की आफ्रिकेत जायचे, हे मोठ्या अंशी इतरांनी ठरवले. म्हणून कोणत्याही देशाचा कार्यक्रम तपासताना किती रुपये खर्च झाले आणि किती जणांना प्रशिक्षण दिले, एवढ्यावर थांबू नये, असे मला वाटते. आलेल्या माणसाचे आधीचे कौशल्य कुणी विचारले का, व्यवसाय निवडण्यात त्याचे मत घेतले गेले का, आणि आधार संपल्यावर दोन-तीन वर्षांनी तो त्याच व्यवसायात टिकून होता का, हे तीन प्रश्न शरणपूरला विचारावेत आणि टोरंटोलाही. नाशिकच्या तिबेटियन मार्केटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्वेटरचा व्यवसाय करणारी कुटुंबे आहेत. त्यांची संमती घेऊन त्यांच्याशी बोललात, तर याच प्रश्नांची उत्तरे आपल्याला आपल्याच शहरात आणि प्रत्यक्ष ऐकायला मिळतील.