आज लाईट गेलीय, असं किती दिवस सांगायचं?

प्रश्न : माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, नजर अधू झालीय. रोज रात्री आठच्या मालिकेला त्या कॉटवर बसून ऐकायच्या आणि मी लसूण सोलता सोलता 'आता ती उठली, आता दारात आली' असं सांगायचे. गेल्या महिन्यात मालिका अचानक बंद केली. जमिनीचा दावा, मामाची कबुली, पोरीचं लग्न, सगळं एका आठवड्यात उरकलं. नेमक्या तेव्हा सासूबाई नणंदेकडे होत्या. आल्यापासून रोज विचारतात, "लावलं का गं?" मी कधी मॅच आहे म्हणते, कधी लाईट गेलीय म्हणते. अख्खी आळी ही मालिका बघायची, मग बघणारं कुणी नाही हे ठरवलं कुणी? आणि आता ह्यांना काय सांगू?
– एक भगिनी, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी आळीचं सांगते. तुमची आळी बहुतेक मोजलीच गेली नाही. टीआरपी काढणारी 'बार्क' ही संस्था निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र जोडते. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं. बघायला बसलं की ते दाबायचं. देशात टीव्ही असलेली घरं २० कोटींच्या पुढे आणि यंत्रं साधारण ५० ते ६० हजार घरांत. ती घरं कुठली, हे गुप्त ठेवतात. त्या आकड्यांवर दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर ठरतो. आकडा घसरत राहिला की मालिकेला थोडे दिवस मिळतात, आणि तेवढ्यात लेखकाला सगळे धागे बांधावे लागतात. मामा दोन वाक्यांत कबूल झाला तो म्हणूनच. मला हे फार अन्यायाचं वाटतं. वर्षभर रोज वेळेवर येऊन बसलेल्या माणसाला नीट निरोपही मिळत नाही.

मलाही हे लागलेलं आहे. वाईजवळच्या एका वाड्यात माझ्या आवडत्या मालिकेचं शूटिंग चालायचं. ती बंद पडल्यावर आठवड्याभरानं मी तिथे हळदीकुंकवाला गेले, तर मालक सोप्याच्या भिंतींना आपला जुना रंग परत देत होते आणि परसात प्लायवूडचं तुळशीवृंदावन आडवं पडलेलं. त्यातली सून रोज त्याच्यापुढे दिवा लावायची. आतून पोकळ, मागची बाजू न रंगवलेली. तरी तसं पडलेलं बघवेना. उचलून भिंतीशी उभं करून आले.

आता सासूबाईंचं. त्यांना खरं सांगा, उद्याच. डोक्यावर पंखा फिरत असताना लाईट गेलीय म्हटलं, तर अधू नजरेच्या माणसाला ते आधी कळतं. मला तर वाटतं, त्यांना शंका आलीय आणि तुम्हाला अवघडायला नको म्हणून त्या गप्प बसतात. वाहिनीच्या अ‍ॅपवर जुने भाग बहुतेक वेळा असतात. नातवंडाला सांगून शेवटचा आठवडा मोबाईलवर काढून घ्या, आवाज मोठा ठेवा, आणि दारात कोण आलं ते नेहमीसारखं सांगत राहा. मामाचं ऐकून त्या चिडतील. चिडू द्या, "असं कुठं असतंय व्हय" म्हणू द्या. त्यांनी त्या माणसाची वर्षभर वाट बघितलीय.

लगेच दुसरी मालिका मात्र लावू नका. दोन-चार दिवस आठ वाजता टीव्ही बंदच असू दे. लसूण घेऊन तिथंच बसा.