हेलसिंकीजवळच्या जंगलात खडक फोडून केलेले नागमोडी चर दिसतात, ते हिवाळी युद्धातले आहेत का?

नाही, ते त्याहून जुने आहेत. मी हेलसिंकीलगतच्या एस्पो शहरात राहतो आणि लेप्पावारा भागातल्या अशा चरांतून बरेचदा फिरतो. पाहुणे आले की हाच प्रश्न विचारतात, कारण फिनलंड आणि युद्ध म्हटले की सोव्हिएत संघाशी झालेले १९३९ चे हिवाळी युद्धच आठवते.

पहिल्या महायुद्धात फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरून हेलसिंकीचा नौदल तळ घेईल आणि रशियाची राजधानी पेत्रोग्राद (आजचे सेंट पीटर्सबर्ग) हिच्या दिशेने सरकेल, या भीतीने रशियाने १९१४ ते १९१७ या काळात शहराभोवती तटबंदीचे कडे उभारले. येथे मातीचा थर पातळ आणि खाली कठीण ग्रॅनाइट, त्यामुळे कुदळीने भागत नसे. सुरुंग लावून खडक फोडावा लागे. हे काम फिनिश मजुरांनी, सैनिकांनी आणि थेट चीनमधून आणलेल्या कामगारांनीही केले. चर नागमोडी ठेवण्याचे कारण साधे आहे: चर सरळ असेल, तर एका टोकाला पोहोचलेला शत्रू शेवटपर्यंत गोळीबार करू शकतो आणि फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडेही लांबवर जातात.

ज्या जर्मनांसाठी एवढी तयारी झाली, ते एप्रिल १९१८ मध्ये खरोखरच आले, परंतु तोवर फिनलंड स्वतंत्र होऊन यादवी युद्धात सापडला होता. लेप्पावारापाशी यादवी युद्धातील समाजवादी बाजूच्या, म्हणजे रेड गार्डच्या सैनिकांनी थोडा प्रतिकार केला आणि शहर लवकरच पडले.

दुसऱ्या महायुद्धातील बांधकाम पाहायचे असेल, तर पूर्वेकडे मिएहिक्कालाला जावे. तेथे साल्पा तटरेषेचे संग्रहालय आहे. साल्पा म्हणजे अडसर. १९४० नंतर उभारलेली ही रेषा फिनलंडच्या आखातापासून उत्तरेकडे सुमारे १,२०० किलोमीटर जाते. रणगाडे अडवण्यासाठी रांगेने रोवलेले प्रचंड ग्रॅनाइटचे धोंडे पाहून मी बराच वेळ तेथे उभा राहिलो होतो. या रेषेवर लढाई कधीच झाली नाही.

हेलसिंकीभोवतीच्या चरांना १९६३ च्या पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून तेथील दगड हलवू नयेत. जायचे असल्यास एप्रिलअखेरीस जावे. बर्फ वितळलेले असते, पालवी फुटलेली नसते आणि चराचे प्रत्येक वळण स्पष्ट दिसते. शेवाळलेल्या काँक्रीटवर पाय जपून ठेवा.