बावन्नाव्या वर्षी पाळक व्हायचंय

पिंपरीच्या एका कारखान्यात २८ वर्षं नोकरी केलेले एक गृहस्थ पत्नीसोबत आमच्याकडे समुपदेशनाला आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ५२. राजीनामा लिहून तयार होता. "देव मला पाळकपणासाठी, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होण्यासाठी बोलावतोय असं दोन वर्षं वाटतंय. पण या वयात हे खरं पाचारण, देवाची हाक, की माझ्याच मनाचे खेळ?" पत्नी शाळेत शिक्षिका. त्या पहिला तासभर काहीच बोलल्या नाहीत.

चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेकांच्या तोंडी बायबलमधला मोशे असतो: इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो ८० वर्षांचा होता. देवाच्या हाकेला वयाची अडचण नाही, हे अगदी खरं. कवी नारायण वामन टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १९०४ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. पण त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मधल्या नऊ वर्षांत त्यांची सेवा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या लोकांच्या डोळ्यांसमोर होती. काम आधी दिसलं, दीक्षेसाठी डोक्यावर हात नंतर ठेवले गेले.

म्हणून आम्ही विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत मंडळीतलं कोण आपलं दुःख घेऊन तुमच्याकडे आलं?" ते बराच वेळ आठवत राहिले. संदेश देत होते, बायबल अभ्यास घेत होते. पण असं कुणी आलं नव्हतं. शिवाय ओढ सुरू झाली ती थोरल्या भावाच्या निधनानंतर महिन्याभरात. शोकातली हाक खोटीच असते असं नाही. मात्र शोक आणि पाचारण एकमेकांत मिसळलेले असताना नोकरी सोडू नये, एवढं आम्ही ठामपणे सांगतो.

त्यांना एक वर्षाचं काम दिलं, नोकरी सांभाळून. दर गुरुवारी संध्याकाळी पाळकांबरोबर ससूनमध्ये आजाऱ्यांच्या भेटी, महिन्यातून दोन घरगुती प्रार्थना, आणि कुणाकडे मयत झाली तर अंत्यविधीच्या आदल्या रात्री त्या घरी जाऊन बसणं. पहिल्याच गुरुवारी त्यांनी एका आजोबांसाठी डोळे मिटून दहा मिनिटं प्रार्थना केली. आजोबा तेवढा वेळ स्टुलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे हात लांबवत होते. पाळकांनी हे जिन्यात सांगितलं तेव्हा त्यांना रडू आलं. आमच्या मते त्या दिवशी त्यांचं खरं शिक्षण सुरू झालं.

आता पाळक होण्याच्या पायऱ्यांचा क्रम, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजची पदवी म्हणजे दीक्षा नव्हे. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, घराजवळच आहे, म्हणून लोक आधी प्रवेश घेतात, मग बिशपांकडे जातात. आणि तिथे कळतं की उमेदवारांसाठी वयाची मर्यादा आहे. आधी आपले पाळक, मग पास्टोरेट कमिटीची (मंडळीच्या कारभारी समितीची) शिफारस, मग बिशप आणि मुलाखत. वयाची अट लेखी मागून घ्यावी. दीक्षाही दोन टप्प्यांत असते, आधी डीकन (सहायक सेवक), मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक). पदवीधराला बी.डी.ला, म्हणजे पाळकपणासाठीच्या धर्मशास्त्राच्या पदवीला, साधारण चार वर्षं. म्हणजे ५२ चे ५६, पुढे उमेदवारी धरून ५८. निवृत्ती ६५ ला धरली तर हातात सात वर्षं. काही ठिकाणी पगार न घेता मानद सेवेसाठीही दीक्षा देतात, तेही विचारावं. तोवर सेरामपूर विद्यापीठाचा बी.सी.एस. हा ख्रिस्ती धर्माचा पदवी अभ्यासक्रम घरी बसून करता येतो. त्यांनी तोच सुरू केला.

पैशाचा हिशेब त्यांच्या पत्नीनं वहीत मांडून आणला होता. पीएफची पेन्शन ५० नंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. म्हणून नोकरी सोडली तरी पेन्शनला ५८ पर्यंत हात लावायचा नाही. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत मधुमेहासारख्या जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यायची. राहता फ्लॅट विकायचा नाही: पाळकांचं घर मंडळीचं असतं, निवृत्तीच्या दिवशी ते सोडावं लागतं.

वही मिटल्यावर त्या पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या. "मी पाळकीणबाई होणार का, हे मला कुणी विचारलंच नाही." बदली झाली तर शाळा सुटणार, सासूबाईंचं कोण बघणार, ही धास्ती त्या दोन वर्षं एकट्याच वाहत होत्या. यावर तीन बैठका गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या. पत्नीचा होकार गृहीत धरून निघालेल्या पाळकाचं घर पहिल्या बदलीतच हलतं. त्यांचं ठरलं ते असं: मानद सेवेची वाट आधी विचारायची, मुक्काम पुण्यातच.

आठ महिने झालेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या पाळकांचा निरोप आला. मंडळीतल्या एका बाईंच्या यजमानांना रात्री साडेअकराला दवाखान्यात हलवावं लागलं, आणि बाईंनी पहिला फोन पाळकांना नाही, या गृहस्थांना केला. शिफारशीचा अर्ज आता कमिटीपुढे जाईल.