व्हिकर स्ट्रीटला जाशील तेव्हा

प्रिय मुली,

तुला आयरिश लोकगायक क्रिस्टी मूर यांच्या, डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट सभागृहातल्या कार्यक्रमाचं तिकीट मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. आयरिश गाण्यांतलं काहीच कळत नाही, तर आधी काय ऐकून जाऊ, असं तू विचारलंयस. काही ऐकून जाऊ नकोस. गाणी तिथेच पहिल्यांदा कानावर पडू देत. त्याऐवजी तासभर आधी नीघ आणि क्राइस्टचर्च कॅथीड्रलपासून थॉमस स्ट्रीटने चालत जा.

वारा त्या बाजूचा असेल तर गिनेस बिअरच्या कारखान्यातून भाजलेल्या सातूचा वास येईल. सभागृहाचं दार मागे टाकून थोडं पुढे गेलीस की सेंट कॅथरिन चर्च लागतं. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून रॉबर्ट एमेटला १८०३ साली या चर्चसमोर फाशी दिलं. पंचवीस वर्षांचा होता, तुझ्याच वयाचा. आपल्याकडे शाहिरांनी माणसं पोवाड्यांत जपली, तशीच इथेही गाण्यांत जपली आहेत. तिथे थोडा वेळ थांब, मग मागे फिरून आत जा.

रंगमंचावर तुला फार काही दिसणार नाही. एक गिटार असेल आणि बौरान. बौरान म्हणजे आपल्या डफाच्या जातीचं, लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं वाद्य. मूर कधी कधी गिटार बाजूला ठेवून नुसत्या बौरानवर गातात. तेव्हा श्वासही जपून घे.

या माणसाचा जन्म १९४५चा, किल्डेअर काउंटीतल्या न्यूब्रिजचा. बँकेत कारकून होते. १९६६ साली बँकांचा मोठा संप झाला, तेव्हा इंग्लंडला गेले, पडेल ते काम केलं, तिथल्या लोकगीतांच्या क्लबांत गायले आणि पुन्हा कधी बँकेच्या टेबलाशी बसले नाहीत. १९७२ साली त्यांचा प्लँक्स्टी हा चौघा गायक-वादकांचा संच उभा राहिला, तो इतिहास तू सावकाश वाचशील. मला त्यांची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. बॉइल गावात जॉन रायली नावाचे, फिरस्त्या ट्रॅव्हलर समाजातले एक गरीब गायक होते. लोकांच्या तोंडून केव्हाच गेलं असं अभ्यासक धरून चालले होते, ते एक जुनं कथागीत रायलींच्या गळ्यात जिवंत होतं. ते १९६९ साली वारले. त्यांची गाणी मूर यांनी उचलली आणि मोठमोठ्या सभागृहांत नेली, रायलींचं नाव घेऊन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. १४ फेब्रुवारी १९८१च्या पहाटे डब्लिनच्या आर्टेन भागात स्टारडस्ट नावाच्या नृत्यगृहाला आग लागली. व्हॅलेंटाइनची रात्र, नाचायला आलेली तरुण मुलं. बाहेर पडायचे दरवाजे कुलूपबंद किंवा अडवलेले. ४८ जण गेले. मूर यांनी त्यांच्यावर गाणं केलं आणि १९८५ साली न्यायालयाने तो न्यायालयाचा अवमान ठरवला. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला, ते गाणं काढून दुसरं घालावं लागलं. पण त्या घरांतले आईबाप, भावंडं मागे हटली नाहीत. एप्रिल २०२४मध्ये ज्यूरीने निकाल दिला की या ४८ जणांचे मृत्यू बेकायदेशीर हत्या होते. त्रेचाळीस वर्षं लागली गं.

मी ते गाणं मूर यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. चाल गोड वाटली म्हणून फोन वर धरून चित्रण करत बसलो. शेजारी एक वयस्क बाई होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मी कुणाच्या दुःखावर तो उजेड पाडत होतो. ते चित्रण मी त्याच रात्री पुसून टाकलं, पण ते आठवलं की अजून अस्वस्थ होतो. म्हणून सांगतो, फोन बंद करून पिशवीत टाक.

सगळे गायला लागले तर काय करू, असंही तू विचारलंस. गा. धृपद दोनदा ऐकलंस की जमेल, हलक्या आवाजात गा, उच्चार चुकले तरी कुणी हसणार नाही. मात्र सभागृह एकदम शांत झालं तर टाळ्यांचा ताल धरू नकोस, कुणी धरला तरी तू धरू नकोस. शब्द धरून बस. किल्डेअरचा उच्चार सुरुवातीला कानाला अडेल, तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत उलगडायला लागेल. एखादं नाव किंवा गावाचं नाव कानात राहिलं तर दुसऱ्या दिवशी शोध. मी या देशाचा बराचसा इतिहास असाच शिकलो.

संपायला उशीर होईल. जाड कोट ने, थॉमस स्ट्रीटवर रात्री वारा बोचतो. बस चुकली तर संकोच न करता फोन कर, मी जागाच असेन. आणि नुसत्या बौरानवर कोणतं गाणं झालं, तेवढं मला त्याच रात्री कळव.

तुझा,
काका