पायावर बसणारी पिशवी
('मास्तरांना विचारा' : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सर, मी अमळनेरला एफवायला आहे. व्हिडिओ बघून ३२ तुकडे जोडून शिवलेली फूटबॅग, म्हणजे पायाने उडवायची छोटी भरीव पिशवी, ऑनलाइन मागवली. दीड महिना झाला, पाच-सहा किकच्या पुढे गाडी जात नाही. पायावर थांबवायला गेलो की पिशवी टणकन उडते. दोष पायात की पिशवीत? मित्र म्हणतो, ६२ तुकड्यांची घे. घेऊ का?

उत्तर : पायात काही दोष नाही. आणि ६२ची आत्ता घेऊ नकोस, पैसे जातील. शर्टाची बटणं मोजून कुणी शर्ट घेतं का? तुकडे जास्त तितकी पिशवी गोल होते, पायावरून नेमकी सुटते, हे खरं. पण ती पायावर बसणार की उडणार, हे ठरतं आत काय भरलंय, किती ठासून भरलंय आणि वरचं कापड कसं आहे त्यावर.

तुझी पिशवी गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर सोड. टप्पा घेऊन घरंगळत गेली तर ती प्लास्टिकचे दाणे भरलेली, ठासलेली असणार. जाळीवरून पलीकडे मारायच्या खेळाला अशीच लागते. त्यात बॅडमिंटनएवढं मैदान, पाच फुटांची जाळी आणि गुडघ्याखालचाच पाय वापरायचा. तिथं पिशवी कडक, गुळगुळीत, वेगाने जाणारी हवी. तुला हवाय फ्रीस्टाइल, म्हणजे झेलणं, थांबवणं, पिशवीभोवती पाय फिरवणं. त्याला सैल भरलेली, स्वेडसारख्या मऊ कापडाची, वाळूची पिशवी घे. १४ तुकड्यांची असली तरी चालेल. बुटावर ठेवली की कळण्याच्या पिठाच्या उंड्यासारखी पसरली पाहिजे.

माझंच सांगतो. निवृत्तीनंतर गुडघा कुरकुरायला लागला म्हणून मी या खेळाकडे वळलो. (खेळाची सुरुवातही तशीच. १९७२ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये माइक मार्शल घरी शिवलेली पिशवी पायाने उडवायचा, आणि गुडघ्याच्या दुखापतीतून उठणारा जॉन स्टॉलबर्गर त्याच्याबरोबर खेळायला लागला. 'हॅकी सॅक' हे पुढे विकायला आलेल्या पिशवीचं नाव. खेळाचं नाव फूटबॅग.) आमच्या सौभाग्यवतींनी क्रोशाने पिशवी विणून दिली, आत ज्वारी भरली. मस्त बसायची पायावर. जुलैत एक दिवस अंगणात विसरलो, चार दिवसांनी बघतो तर टाक्यांतून हिरवे कोंब! "मास्तर, आता हुरडा कधी?" म्हणून घरात आठवडाभर थट्टा.

मग गिरणेची वाळू आणली, धुतली, वाळवली, मैद्याच्या चाळणीने चाळली. खाली पडली ती टाकली, वर रव्याएवढी राहिली ती खडे निवडून घेतली. पण क्रोशाच्या भोकांतून ती गळायला लागली, तेव्हा जुन्या बनियनच्या तुकड्याची आतली थैली शिवली. वजन करायला जळगावच्या एका ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने पिशवी दोन बोटांत धरली, "हाई काय शे मास्तर?" म्हणाला आणि काट्यावर ठेवली. ५२ ग्रॅम. फ्रीस्टाइलला साधारण ४० ते ६५ ग्रॅमची चालते, म्हणजे नेम बरा लागला होता. क्रोशाच्या पिशवीची खोड एकच, वापरून वापरून ती ताणते आणि ढिली पडते. घोळक्यात उभं राहून एकमेकांकडे उडवायची असेल तर तिच्यासारखी स्वस्त आणि मस्त दुसरी नाही.

लोखंडी छर्‍यांची पिशवी जड असते, पायावर दगडासारखी बसते. पण अनवाणी खेळलास तर पाऊल बोलेल, आणि भिजली की छरे गंजतात. ६२ची गोष्ट एका पायाच्या आतल्या बाजूवर सलग वीसदा थांबवता आलं की बोलू.

हातातली पिशवी फेकू नकोस. एका बाजूची शिवण बोटभर उसव, थोडे दाणे काढ, पुन्हा शिव. एवढ्याने निम्मी उसळी जाते.

प्रश्न : चोपड्याहून एक आई विचारतात, नऊ वर्षांच्या मुलीला कोणती द्यावी? बूट खास लागतात का?

उत्तर : ताई, तिला विणलेलीच द्या, जरा मोठी आणि हलकी. बूट साधे कॅनव्हासचे चालतील. नाडी पुढच्या दोन भोकांत ओवू नका, म्हणजे बुटाचं नाक पसरतं आणि पिशवीला बसायला जागा होते. मे महिन्यात सकाळी आठनंतर मात्र अंगणात सोडू नका. पिशवी मळली तर ओल्या फडक्याने पुसा. ज्वारी भरलेली असेल तर ओलं फडकंही नको, कारण वर सांगितलंच आहे.