डोंगरात नेण्यासाठी कोणतं जीपीएस घ्यावं?

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याला राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. मे महिन्यात जर्मनीला भावाकडे गेले होते. तिथे भाचरांबरोबर जिओकॅशिंग केलं. आकडे बघत रानात जायचं, लपवलेला डबा शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं. माझा आठवीतला मुलगा तेव्हापासून त्याच नादात आहे. आम्ही दोघं कर्नाळा, पेब, माहुली असे ट्रेक करतो. माहुली उतरताना पावसात फोन बंद पडला आणि वाट शोधायला बराच वेळ गेला, म्हणून हातात धरायचं जीपीएस घ्यायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, फोन असताना वेगळा खर्च कशाला? भाऊ म्हणतो, दिवाळीत येताना उपग्रहावरून निरोप पाठवणारं मॉडेल घेऊन येतो. काय करावं?
– एक शिक्षिका, कोपरखैरणे

उत्तर : ताई, सगळ्यात आधी भावाला फोन करा आणि ते निरोप पाठवणारं यंत्र आणू नका म्हणून सांगा. साधं जीपीएस फक्त ऐकतं. उपग्रहांकडून येणारे संकेत घेतं आणि स्वतःची जागा काढतं, बाहेर काहीच पाठवत नाही. गार्मिन कंपनीच्या इनरीचसारखी यंत्रं मात्र उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि भारतात अशी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर बॅगेत इनरीच सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. त्यांनी ते भाबडेपणाने, स्वतःच्या सुरक्षेसाठीच आणलं होतं. भावाला यायच्या दिवशी चौकीत बसायला लागू नये.

आता फोनचं. घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फोनमधलं जीपीएस चांगलं असतं आणि रेंज नसली तरी चालतं, हे अजून पुष्कळांना पटत नाही. आधी नकाशा उतरवून ठेवा, ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे नेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका. दिवसभर काम होतं. फ्लाइट मोड नसला तर रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी तिथेच संपते. तुमचा फोन यामुळेच गेला असेल की पाण्यामुळे, ते इथून सांगता येणार नाही. पण आपल्याकडच्या पावसात फोनची खरी अडचण पडद्याची आहे. ओला पडदा बोटाचं ऐकत नाही. थेंब पडला की नकाशा भलतीकडे सरकतो, आणि गळ्यातल्या ज्या कापडाने तो पुसायचा ते कापडही ओलंच असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सह्याद्रीसाठी यंत्र घ्यायचं तर बटणांचं घ्यावं. टच स्क्रीनचं नाही, कितीही मोठा आणि देखणा पडदा असला तरी. दुसरी अट, ते साध्या डबल-ए सेलवर चालावं. हे सेल आसनगाव स्टेशनबाहेरच्या दुकानातही मिळतात. चार्जिंगची बॅटरी डोंगरात संपली तर पॉवर बँक आणि वायर कोरडी ठेवायची जबाबदारी अंगावर येते. तिसरी अट, आयपीएक्स-7 दर्जा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडलं तरी आत पाणी जायला नको.

या तिन्ही अटींत बसणारं आणि तुम्हा दोघांना पुरेसं यंत्र म्हणजे गार्मिनचं ईट्रेक्स 32एक्स. दोन डबल-ए सेल, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 25 तास, रंगीत पडदा, आत नकाशा. त्याच्याच बरोबरीचं 22एक्स थोडं स्वस्त आहे, पण त्यात चुंबकीय कंपास आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक नाही. कंपास नसेल तर यंत्राला दिशा तुम्ही चालत असाल तेव्हाच कळते. थांबलात की बाण गोंधळतो. जिओकॅशिंगमध्ये शेवटचे वीस मीटर उभं राहून, वळून वळून बघायचे असतात, म्हणून मी तुमच्यासाठी 32एक्स सांगते. फक्त ट्रेक करणाऱ्या कुणी विचारलं असतं, तर 22एक्स पुरे म्हटलं असतं.

ईट्रेक्स एसई हा तिसरा पर्याय. सेल पुष्कळ टिकतात, कंपनी 168 तास सांगते, फोनशी जोडून कॅशेची, म्हणजे लपवलेल्या डब्यांची, माहितीही घेता येते. पण पडदा काळा-पांढरा आणि आत नकाशा नाही. रेखलेल्या वाटेवरून चालायचं तर ठीक, पण माहुलीसारख्या, सोंडा एकमेकींसारख्याच दिसणाऱ्या जागी मला नकाशा हवाच. दोन वेगळ्या रेडिओ-पट्ट्यांवरचे संकेत घेणारी महागडी मॉडेलं कड्याखाली आणि दाट झाडीत जास्त नेमकी असतात, कारण कातळावर आपटून उलटे येणारे संकेत त्यांना ओळखता येतात. ज्यांना गिर्यारोहणाची मोजमापं करायची असतील त्यांनी जीपीएसमॅप 65 पाहावं. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

सेलची एक सूचना, आणि ती मनावर घ्या. घरी चार्ज होणारे निकेल सेल वापरलेत तर यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीचं सांगते. एक जोडी कोरड्या डबीत जादा ठेवा, आणि ट्रेक नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा. अल्कलाईन सेल पाझरले की यंत्राचे आतले पत्रे जातात.

एक गोष्ट मुलाला पहिल्या दिवशीच शिकवा : बाण आणि अंतर सरळ रेषेत असतं. कलावंतिणीच्या माथ्यावर उभं राहिलं की प्रबळगडाचं पठार समोरच दिसतं, बाणही तेच सांगतो. मध्ये दरी आहे हे बाणाला माहीत नसतं. बाणामागे पाऊल टाकायचं नाही. बाण बघायचा, नकाशावरच्या उंचीच्या रेषा बघायच्या, मग पायवाट शोधायची. निघताना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरू करा आणि पार्किंगची, वाटा फुटतात तिथली, पाण्याची जागा वेपॉइंट (खुणेची जागा) म्हणून साठवा. धुकं उतरलं तर हाच ट्रॅक तुम्हाला खाली आणतो, आणि यंत्र घ्यायचं खरं कारण तेच आहे. डबा शोधणं ही त्याबरोबरची गंमत.

गमतीबद्दलही सांगते, कारण तुम्ही शिक्षिका आहात. हा खेळ यंत्राइतकाच एका निर्णयातून जन्मला. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली, आणि शंभरेक मीटरपर्यंत डगमगणारी जागा एकदम काही मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी एक बादली लपवली आणि तिची जागा जाहीर केली. तिथून जिओकॅशिंग सुरू झालं.

आपल्याकडे कॅशे विरळ आहेत. तुम्ही लपवायचं ठरवाल तेव्हा जागा नीट निवडा. येऊरच्या जंगलात किंवा कर्नाळ्याच्या अभयारण्यात परवानगीशिवाय डबा ठेवू नका. जुन्या वास्तूंच्या दगडांत तर मुळीच नाही. शहरात स्टेशन, पूल, पाण्याची टाकी, सरकारी कचेरी टाळा. बेवारस डब्याकडे आपल्याकडे पोलीस संशयानेच बघतात, आणि ते योग्यच आहे. डबा पारदर्शक असावा, हा डबा कशाचा आहे ते त्यावर मराठीत लिहिलेलं असावं, आणि जमीन ज्यांची त्यांना विचारलेलं असावं. दोन कॅशेंमध्ये किमान 161 मीटर अंतर ठेवायचा नियम आहे.

पण मला तुमच्यासाठी दुसरं सुचतं. अर्थकॅश नावाचा प्रकार आहे. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जाऊन खडक पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. खारघरचे डोंगर, पारसिकचा डोंगर बेसॉल्टचे आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत एका थरावर दुसरा थर आणि मधला लालसर पट्टा मुलांना दाखवा आणि तो लाल का, हा प्रश्न वेपॉइंटला जोडून द्या. सुरक्षित जागा निवडा, पावसाळ्यात दरडीपासून लांब थांबा. भूगोलाच्या तासाला याहून चांगला धडा मला सुचत नाही.

प्रश्न : पुतण्याने किल्ल्याखालच्या विहिरीचा अक्षांश-रेखांश पाठवला. मी यंत्रात टाकला तर जागा भलतीकडे दाखवतं. यंत्र बिघडलंय का?
– एक निवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बहुधा यंत्र ठीक आहे, आकड्यांची पद्धत वेगळी आहे. ठाणे स्टेशनच्या आसपासचा अक्षांश घ्या. फोनच्या नकाशावर तो 19.186 असा दशांशात येतो. तोच अंश आणि दशांश मिनिटांत 19 अंश 11.16 मिनिटे, आणि सेकंदांत 19 अंश 11 मिनिटे 9.6 सेकंद होतो. तिन्ही एकच जागा. पण 19.186 हे कुणी 19 अंश 18.6 मिनिटे असं टाकलं, तर जागा जवळजवळ 14 किलोमीटर उत्तरेला सरकते. जिओकॅशिंगवाले अंश आणि दशांश मिनिटे वापरतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट बदला आणि डेटम (पृथ्वीचं कोणतं मोजमाप धरायचं ते) डब्ल्यूजीएस 84 ठेवा. पुतण्याला पुढच्या वेळी मिनिटांचं चिन्ह लिहूनच पाठवायला सांगा.

प्रश्न : माझ्या यंत्रात एकाच माथ्यावर सकाळी एक उंची आणि दुपारी दुसरी येते. वॉरंटीत बदलून मागू का?
– ट्रेकर, ऐरोली

उत्तर : हवेच्या दाबावर चालणारा मापक असेल तर असं होणारच. हवामान बदललं की दाब बदलतो, आणि एका हेक्टोपास्कलला (हे हवेचा दाब मोजायचं एकक) सुमारे आठ-नऊ मीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात तर एका दिवसात पाराच हलतो. उपाय सोपा आहे : निघताना माहीत असलेल्या उंचीवर मापक लावून घ्या. कळसूबाईला गेलात तर माथ्यावर 1646 मीटर टाका. नुसत्या उपग्रहांवरून निघालेली उंची जागेपेक्षा कमी नेमकी असते, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका. इतकं करूनही त्याच दिवशी, हवा स्थिर असताना शंभर मीटरचा फरक येत असेल, तर मग खुशाल दुकानात जा. बिल आणि ट्रॅकची फाइल दोन्ही बरोबर घ्या, म्हणजे वाद कमी होईल.