पोटमाळा उपसण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जाणार, म्हणून चित्रकार आजोबांचा पोटमाळा महिन्याभरात मोकळा करायचाय. तरी पहिल्या दिवशी कशालाही हात लावू नकोस, नुसते फोटो काढ. कुठला गठ्ठा कशाखाली, कुठली स्केचची वही कोणत्या कॅनव्हासला टेकलेली, यावरून पुढे कामाचा क्रम लागतो. ढीग हलला की तो पुरावा गेला.

मग एकेक चित्राला क्रमांक दे, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिही. क्रमांक मऊ पेन्सिलीनेच टाक : कागदाच्या मागच्या कोपऱ्यात, कॅनव्हास असेल तर मागच्या लाकडी पट्टीवर. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

पाठीचा फोटो पुढच्याइतकाच नीट हवा. खरी माहिती तिथेच असते. फ्रेमवाल्याच्या लेबलावर सहा आकडी पिनकोड असेल, तर ते 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं नाही. नुसतं ‘मुंबई 4’ असा जुन्या पद्धतीचा टपाल विभाग दिसला म्हणून मात्र ते जुनंच, असं धरू नकोस; लोकांच्या सवयी आणि छापून ठेवलेली लेबलं पुढेही चालत राहिली. शिवाय लेबल फ्रेमचं वय सांगतं. चित्र त्याहून बरंच जुनं असू शकतं.

आता पाऊस. दमटलेलं चित्र उन्हात टाकायचा सल्ला घरातलं कुणीतरी देणारच. ऐकू नकोस. कापड आणि रंगाचा थर सारखे आकसत नाहीत, पोपडे सुटतात. प्लास्टिकमध्येही गुंडाळू नकोस, आत ओल कोंडते. धुतलेली सुती चादर पुरे. बुरशी असेल ते वेगळ्या खोलीत ठेव, मास्क लाव, हवा खेळती ठेव. ओलं फडकं फिरवलंस तर बुरशी पसरेल आणि जलरंगही उठून येईल. रंग सुटत असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचार.

सही नसलेलं प्रत्येक चित्र आजोबांचंच असं नाही. स्टुडिओत विद्यार्थ्यांची, मित्रांचीही कामं पडून असतात. क्रमांकांच्या नोंदवहीत ‘बहुधा’ असा रकाना ठेव आणि तो सढळ हाताने भर. घरच्यांपैकी कुणी हौसेने सही किंवा शिक्का मारायला निघालं तर थांबव.

आजोबांच्या नावाचा माग काढायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) गाठ. जुन्या दिवाळी अंकांत मुखपृष्ठं आणि कथाचित्रं बघ. कोपऱ्यातली आडवी-तिडवी सही स्केचच्या वहीतल्या सहीशी ताडून बघ. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांच्या जुन्या सूचीही मिळतात का ते विचार.

छापण्याचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो आणि चित्र विकलं तरी तो आपोआप विकत घेणाऱ्याकडे जात नाही. तेव्हा फोटो कुणाला देण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती घे, पुण्याच्या आत्याचीसुद्धा.